गेम फुकटचा, फोन सगळ्या घराचा: बंदीनंतर एपीकेच्या वाटेनं येणारा मालवेअर

टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. सकाळी सव्वासहाला ताईचा फोन आला. ती आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळच्या एका गावात दिलेली. मी जुन्नर तालुक्यातला, नारायणगावच्या अलीकडचा. "अरे, दाजींच्या खात्यातनं पैसे गेलेत. तुला काही कळतंय का बघ," एवढंच बोलली आणि फोन भाच्याकडे दिला. भाचा नववीत आहे. तो आधी काहीच बोलेना. मग हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही घरी या. पण आप्पांना नका सांगू."

गेलो. फोन हातात घेतला आणि डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. 'जीटीए ५ मोबाइल' नावाची एक एपीके फाइल, आकार ३८ एमबी. मित्रांनो, कॉम्प्युटरवर जीटीए ५ ला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते आणि अँड्रॉइड फोनसाठी हा गेम कंपनीनं कधी काढलेलाच नाही. म्हणजे जी गोष्ट जगात नाहीच, तिची फाइल एका टेलिग्राम चॅनेलवरून आमच्या घरात आली होती.

उघडल्यावर तिनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, यानं दिली. मग 'वय तपासण्यासाठी २ रुपये भरा' असं पान आलं. यानं आप्पांच्या एटीएम कार्डाचा नंबर टाकला. रात्री ८ च्या सुमारास ४,९९९ रुपये गेल्याचा मेसेज आला. तो यानं पाहिला, घाबरला आणि डिलीट केला. मध्यरात्रीनंतर आणखी ९,९९९ गेले. पहाटे क्रेट भरायला उठलेल्या दाजींना तो दुसरा मेसेज दिसला.

'गेम खेळू नका' असं मी सांगणार नाहीये, मी स्वतः खेळतो. पण ही फाइल त्याच्यापर्यंत आली कशी, आत शिरून तिनं काय केलं आणि रात्री ८ ते पहाटे ५ या नऊ तासांची किंमत काय होती, हे नीट समजून घ्यायला हवं.

बंदी आली की फाइल फिरायला लागते

गेल्या काही वर्षांतल्या तारखा एका ओळीत लावून बघा.

२९ जून २०२०: टिकटॉकसह ५९ ॲपवर केंद्र सरकारची बंदी. २ सप्टेंबर २०२०: पबजी मोबाइलसह ११८ ॲप बंद. १४ फेब्रुवारी २०२२: गरेना फ्री फायरसह ५४ ॲप बंद. २८ जुलै २०२२: पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय प्ले स्टोअरवरून गायब, तो परत आला थेट मे २०२३ मध्ये. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

यातली कोणती बंदी बरोबर आणि कोणती चूक, हा वेगळा वाद आहे. पैशांच्या गेमनं बसलेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, त्यामुळे त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रत्येक बंदीनंतर एक गोष्ट ठरल्यासारखी होते. गेम प्ले स्टोअरवरून जातो, लोकांच्या डोक्यातून जात नाही. मग 'पबजी कोरियन व्हर्जन', 'फ्री फायर जुनं व्हर्जन एपीके' असे शोध सुरू होतात. आधी जी फाइल निदान गूगलच्या तपासणीतून यायची, ती आता अनोळखी वेबसाइट, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून येते. चोरासाठी यापेक्षा चांगला मोका कुठला?

याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण टिकटॉकचंच आहे. बंदीनंतर काही दिवसांतच, जुलै २०२० मध्ये, 'टिकटॉक प्रो' नावाची लिंक व्हॉट्सॲप आणि एसएमएसवर फिरायला लागली. 'टिकटॉक परत सुरू झालंय, इथून घ्या' असा तिचा सूर. चिन्ह हुबेहूब टिकटॉकचं. ती उघडली की कॅमेरा, फोटो गॅलरी आणि माइकची परवानगी मागायची. परवानगी दिली की ॲप काहीच काम करायचं नाही, फोनमध्ये गप्प बसून राहायचं. महाराष्ट्र सायबर विभागानं तेव्हाच लोकांना सावध केलं होतं. पुढे सप्टेंबरमध्ये झेडस्केलर या सुरक्षा कंपनीनं 'टिकटॉक प्रो' नावानं फिरणारं एक ॲप उघडून पाहिलं, तर ते पूर्ण स्पायवेअर निघालं: मेसेज, फोटो, लोकेशन घेणारं आणि फेसबुकचं खोटं लॉगिन दाखवून पासवर्ड उचलणारं.

टिकटॉक हा गेम नव्हे, हे खरं. पण नाव बदललं की युक्ती तीच. आज ती 'जीटीए ६ मोबाइल बीटा' या नावानं येते. रॉकस्टारनं जीटीए ६ साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे आणि गेम जाहीर केलाय तो फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. तुमच्या फोनवर तो 'आधीच' देणारा माणूस गेम देत नाहीये, एवढं पक्कं समजा.

पेन ड्राइव्हपासून टेलिग्रामपर्यंत

आमच्या भागात गेम पहिल्यापासून हातोहातच आले. मी शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासमध्ये कुणीतरी पेन ड्राइव्हवर व्हाइस सिटी किंवा आयजीआय घेऊन यायचा. त्याच्याबरोबर 'न्यू फोल्डर' नावाचा व्हायरसही यायचा. फोल्डरसारखं चिन्ह, पण खरं तर ती एक्सई फाइल. डबल क्लिक केलं की सगळ्या फोल्डरमध्ये तशीच फोल्डरं तयार. सर वैतागायचे, विंडोज पुन्हा टाकायचे, संपलं. त्या व्हायरसनं आमचं नुकसान काय केलं? एक तास वाया घालवला.

आजही आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला, रेंज टेकडीवर गेल्यावर मिळते. एक जीबीचा गेम डाउनलोड करणं सोपं नाही. मग एकाच्या फोनवरून दहा जणांच्या फोनवर फाइल जाते, किंवा मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळतं. बंदी आलेल्या ५९ ॲपमध्ये शेअरइट आणि झेंडरही होते, पण फाइल देण्याघेण्याची सवय काही बंद झाली नाही.

यात फसगत अशी होते की फाइल मित्रानं दिली म्हणून आपण ती विश्वासाची समजतो. मित्र चांगलाच असतो हो, पण त्यालाही ती कुठल्यातरी चॅनेलवरूनच मिळालेली असते. भाच्याला टेलिग्रामची ती लिंक वर्गातल्या मित्रानंच दिली होती.

आणि मोठा फरक फोनमध्ये आहे. क्लासच्या कॉम्प्युटरवर कुणाचे पैसे नव्हते. आज भाचा ज्या फोनवर खेळतो, त्याच फोनवर टोमॅटोच्या पट्टीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो. ताईच्या बचत गटाचा ग्रुप त्यावरच, गॅसचा ओटीपी त्यावरच, दाजींचं यूपीआय त्यावरच. घरात बरा फोन एकच. त्यामुळे शहरातल्या मुलाचं जिथं फक्त गेमचं खातं जातं, तिथं आपल्याकडे सगळ्या घराचा व्यवहार उघडा पडतो.

फोनमधल्या फाइलच्या आत काय असतं?

मालवेअर म्हणजे नुकसान करण्यासाठी बनवलेलं कुठलंही सॉफ्टवेअर. त्यातलं जे गुपचूप नजर ठेवतं, मेसेज, फोटो, लोकेशन, टाइप केलेलं सगळं बाहेर पाठवतं, ते स्पायवेअर. गेमच्या फाइलमधून हे तीन प्रकारे येतं.

पहिला प्रकार म्हणजे निव्वळ नकली गेम, आमच्या घरी आला तसा. आत खेळ नसतोच. 'लोडिंग' दिसत राहतं आणि मागे परवानग्या गोळा होतात.

दुसरा प्रकार मॉड एपीके. गेम खरा असतो, चालतोही छान, कॉइन अमर्याद मिळतात. पण कुणीतरी मूळ गेम उघडून त्यात स्वतःचा कोड घालून पुन्हा बांधलेला असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅस्परस्कीनं 'नेक्रो' नावाच्या ट्रोजनबद्दल माहिती दिली. तो माइनक्राफ्ट, स्टंबल गाइज, कार पार्किंग मल्टिप्लेअर, मेलन सँडबॉक्स अशा गेमच्या मॉडमध्ये सापडला होता. त्याचा पुढचा कोड एका साध्या पीएनजी चित्रात लपवलेला होता. फोनमध्ये बसून तो न दिसणाऱ्या जाहिराती चालवायचा, पैशांच्या सेवा परस्पर सुरू करू शकायचा आणि मालकाला हवं ते आणखी डाउनलोड करायचा. आणि हा नेक्रो प्ले स्टोअरवरच्या दोन ॲपमध्येही निघाला, ज्यांची डाउनलोड मिळून १ कोटी १० लाख होती.

तिसरा प्रकार सगळ्यात चलाख: आज स्वच्छ, उद्या घाण. आधी साधं ॲप येतं, मग 'अपडेट करा' म्हणून खरी फाइल उतरते.

तिन्हींत चोराला लागतं काय? परवानगी. त्यातल्या तीन गोष्टी पाठच करून टाका:

– एसएमएस वाचणं: म्हणजे ओटीपी त्याच्या हातात.
– नोटिफिकेशन वाचणं: म्हणजे व्हॉट्सॲप आणि बँकेचे अलर्टही त्याला दिसणार.
– ॲक्सेसिबिलिटी: ही सगळ्यात धोकादायक. दिव्यांगांच्या सोयीसाठी बनवलेली ही सुविधा ॲपला स्क्रीन वाचू देते आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू देते.

कार पळवायच्या गेमला ओटीपी कशाला वाचायचाय? हा एक प्रश्न विचारला तरी निम्मा धोका टळतो.

गूगलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी प्ले प्रोटेक्टमध्ये एक नवी सोय जाहीर केली. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप या प्रकारच्या परवानग्या मागत असेल, तर ते इन्स्टॉल होतानाच अडवायचं. गूगलच्याच म्हणण्यानुसार, इंटरनेटवरून थेट टाकलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून जास्त मालवेअर सापडतो. आता गंमत बघा. फुकट गेमच्या व्हिडिओत पहिली पायरी काय सांगतात? 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा.' घराचं कुलूप काढून ठेवा म्हणणारा माणूस पाहुणा नसतो.

कॉम्प्युटरवर: क्रॅक, रिपॅक आणि तापलेला लॅपटॉप

कॉलेजला गेल्यावर बरेच जण जुना लॅपटॉप घेतात आणि गेम टॉरेंटवरून काढतात. तिथे खेळ थोडा वेगळा.

जून २०२१ मध्ये अव्हास्टनं 'क्रॅकोनॉश' उघड केला. जीटीए ५, फार क्राय ५, एनबीए २के१९, सिम्स ४ यांच्या क्रॅक केलेल्या कॉपींमध्ये तो होता. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करून तो अँटिव्हायरसच पुसून टाकायचा आणि मग गुपचूप मोनेरो हे आभासी चलन 'खणायचा'. जगभरात २ लाख २२ हजारांहून जास्त मशीन, त्यात भारतातली १३ हजारांहून अधिक. चोरांची कमाई २० लाख डॉलरच्या वर. बिल मात्र ज्याच्या घरी लॅपटॉप, त्यानं भरलं. नुसता डेस्कटॉप उघडला तरी पंखा घोंघावतोय, हे त्याचं लक्षण.

३१ डिसेंबर २०२४ ला, लोक सुट्टीत गेम डाउनलोड करतात तो मुहूर्त साधून, अशीच मोहीम सुरू झाली. बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मॉड असे गेम सप्टेंबरपासूनच टॉरेंटवर चढवून ठेवले होते. म्हणजे 'खूप दिवसांपासून आहे, सगळे घेतायत' हीसुद्धा खात्री नाही.

याहून वाईट म्हणजे इन्फोस्टीलर. तो काही बिघडवत नाही. दोन-चार मिनिटांत ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतो आणि पाठवून देतो. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन आहात याची चिठ्ठी. ती चिठ्ठी चोराकडे गेली की तुमचं खातं उघडायला त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. अशा फाइल बहुतेक वेळा पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये असतात आणि पासवर्ड व्हिडिओखाली लिहिलेला असतो. कारण साधं आहे: कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही.

अधिकृत दुकानातला माल तरी?

तोही शंभर टक्के नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमवर 'पायरेटफाय' नावाचा फुकट गेम आला. ६ तारखेला आला, १२ तारखेला काढून टाकला. आत 'विडार' नावाचा इन्फोस्टीलर होता. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वनं खेळणाऱ्यांना कळवलं की पूर्ण स्कॅन करा, जमलं तर विंडोजच नव्यानं टाका. त्याच वर्षी 'ब्लॉकब्लास्टर्स' हा गेम जुलैअखेरीस आला, महिनाभर ठीक चालला आणि ३० ऑगस्टच्या अपडेटमधून मालवेअर घेऊन आला. लाटव्हियाच्या एका स्ट्रीमरला कॅन्सर होता. त्याच्या उपचारासाठी लोकांनी दिलेले सुमारे ३२ हजार डॉलर त्या एका गेमनं नेले.

मग 'दुकानातही धोका, तर एपीके का नको?' असं कुणी म्हणेल. फरक हा की दुकानात चोरी पकडली गेली, गेम हटवला गेला आणि खेळणाऱ्यांना निरोप गेला. टेलिग्रामवरच्या फाइलचा निरोप तुम्हाला कोण देणार?

टाकून बसला असाल तर

आत्ता, याच क्रमानं करा:

१. फोनचं इंटरनेट बंद करा, फ्लाइट मोडवर टाका.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. जुन्नर आणि आंबेगाव पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात.
३. त्या फाइलचं नाव, लिंक आणि मेसेज यांचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा. पुरावा आधी, साफसफाई नंतर.
४. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन तपासा, अनोळखी ॲप बंद करून काढा. चिन्ह दिसत नसलं तरी ॲपच्या यादीत ते असतं. निघालं नाही तर सेफ मोडमध्ये काढा. शंका उरलीच तर फॅक्टरी रीसेट.
५. ##००२# डायल करून चोरून लावलेलं कॉल फॉरवर्डिंग रद्द करा.
६. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा.

लॅपटॉप किंवा फोन तपासायला केंद्र सरकारच्या सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, त्याची टूल मोफत मिळतात.

आणि टाकलं नसेल तर दोनच गोष्टी करून ठेवा. बँकेच्या ॲपमधून एटीएम कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, लागतील तेव्हा सुरू करता येतात. आणि 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' ही परवानगी ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम तिन्हींसाठी बंद करा.

त्या नऊ तासांची किंमत

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक यात महत्त्वाचं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील, म्हणजे कार्डाची माहिती त्यानंच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

आता आमचा हिशोब लावा. रात्री ८ वाजता भाच्यानं सांगितलं असतं, तर कार्ड लगेच बंद झालं असतं. फटका ४,९९९ वर थांबला असता. तो गप्प बसला म्हणून पुढचे ९,९९९ गेले आणि नियमानं तेही आमच्याच अंगावर आले.

तो गप्प का बसला, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, "आप्पांनी मारलं असतं, आणि फोन कायमचा काढून घेतला असता." चोराला जो वेळ लागतो, तो त्याला या भीतीनं मिळवून दिला. दाजींनाही मी तेच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग पोराला म्हणाले, "पुढच्या वेळी काय झालं तर झोपलेला असलो तरी उठव." त्या दिवशी मार्केटला जायला त्यांना उशीर झाला.

हे वाचणाऱ्यांत बरेच जण त्या भाच्याच्या वयाचे असतील. तुमच्याकडून चुकीची फाइल दाबली जाईल, माझ्याकडूनही पूर्वी दाबली गेलीय. तसं झालं तर मेसेज डिलीट करू नका. घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा, आणि घरात सांगायची हिंमत होत नसेल तर आधी १९३० लावा. आणि तुम्ही घरातले दादा, ताई किंवा मामा असाल, तर आज एवढंच बोलून ठेवा: 'काही झालं तर आधी मला सांग, ओरडणार नाही.'